आठवड्याला हजार रुपये: सिडकोतल्या एका घराच्या बचतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सिडकोत, उत्तमनगरच्या बाजूला, हे पाच जणांचं कुटुंब भाड्याच्या घरात राहतं. एक खोली आणि स्वयंपाकघर. नावं बदलली आहेत. आकडे त्यांच्या वहीतले आहेत. दत्ताभाऊ अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. रोज सातशे रुपये, सहा दिवसांचे चार हजार दोनशे, दर शनिवारी संध्याकाळी रोख हातात. मीनाताई घरीच ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. त्यांची आठवड्याची कमाई हजारापासून अठराशेपर्यंत कुठेही असते. सासूबाईंना बीपी आणि शुगर. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला.

मीनाताई आमच्या बचत गटात आहेत, म्हणून हे प्रकरण मला जवळून पाहता आलं. जून २०२४ मध्ये त्यांच्या ओळखीच्या एका गणवेशवाल्याने त्यांना सांगितलं, "पुढच्या वर्षी एप्रिलपासून शर्ट देतो शिवायला, पण पायाच्या मशीनवर नाही जमायचं." त्याला मोटरवर चालणारं इंडस्ट्रियल मशीन आणि ओव्हरलॉक, म्हणजे कापडाच्या कडा उसवू नयेत म्हणून शिवणारं मशीन, हवं होतं. रविवार कारंजाच्या बाजूच्या दुकानात चौकशी केली. शिलाईचं मशीन टेबल-मोटरसह २३,५००, ओव्हरलॉक १८,५००. एकूण ४२,०००.

जुलैच्या पहिल्या शनिवारपासून एप्रिलच्या शेवटच्या शनिवारपर्यंत ४३ शनिवार येत होते. दत्ताभाऊंनी भागाकार केला आणि आकडा ठरला: आठवड्याला हजार. वर हजार रुपये टेम्पोभाड्याला. हिशेब इतका सरळ होता की त्यावर घरात चर्चाच झाली नाही.

पहिला निर्णय इथेच झाला आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. हजार हा आकडा मशीनच्या किमतीतून आला होता. घरात आठवड्याला खरंच किती उरतं, हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही.

पहिले दोन महिने

पैसे ठेवायला फराळाचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. तो देवघराच्या वरच्या फळीवर. शनिवारी रात्री जेवणं झाली की दत्ताभाऊ हजार रुपये द्यायचे, मीनाताई डब्यात टाकायच्या आणि मापांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या. ही वही मी पाहिली आहे. पुढून छाती, कंबर, बाहीची मापं आणि कापडाचे चिमूटभर तुकडे टाचणीने टोचलेले. मागून शनिवारांची यादी, प्रत्येकापुढे "१०००" आणि खाली रेघ. बाहेर काढलेले पैसे मात्र या यादीत नव्हते. कारण ते "उसने" घेतले होते, पुढच्या आठवड्यात परत टाकायचे होते.

ऑगस्टच्या ३१ तारखेला, गणपतीच्या आधीच्या शनिवारी, डबा उतरवून मोजला. वहीप्रमाणे नऊ हजार हवे होते. निघाले दोन हजार चारशे.

त्या रात्री काय झालं हे दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दत्ताभाऊंच्या मते मीनाताई "हात सैल" सोडतात. मीनाताईंच्या मते दत्ताभाऊंचं वर्कशॉपच्या बाहेर चहा-तंबाखूचं खातं बघायला हवं. सासूबाईंनी दोघांनाही गप्प केलं आणि विचारलं, "अरे, पण गेले कुठे ते तर सांगा."

अडचण नेमकी कुठे होती

पुढच्या मंगळवारी गटाच्या बैठकीनंतर मीनाताई वही घेऊन थांबल्या. आठवून आठवून आम्ही ६,६०० रुपयांचा माग काढला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घरभाडं आणि किराणा एकदम आला तेव्हा ३,००० काढले होते. गाडीचा मागचा टायर १,४००. राखीला माहेरी, निफाडच्या बाजूला, जाऊन येताना ७००; एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी रिकाम्या हाताने माहेरी कोण जातं. आणि दोन शनिवारी मुळात पूर्ण पैसे पडलेच नव्हते, एकदा पाचशे पडले आणि एकदा काहीच नाही. वहीत मात्र सवयीने हजारच लिहिलं गेलं. ते १,५००.

म्हणजे चैन अशी कुठेच नव्हती. आणि सगळ्यात मोठी रक्कम, तीन हजार, ही घरभाड्याची होती.

मग महिन्याचा खर्च पहिल्यांदाच एका कागदावर मांडला. भाडं ५,५००. किराणा ४,२००. दूध १,८००. भाजी १,४००. मुलीचा क्लास १,२००. पेट्रोल १,२००. वीज ९००, सासूबाईंची औषधं ९००. दत्ताभाऊंचा हातखर्च ८००. दोन मोबाइलचे रिचार्ज ६००. त्याचे दर त्याच जुलैत वाढले होते, आणि २८ दिवसांचं रिचार्ज वर्षात बारा वेळा नव्हे तर तेरा वेळा मारावं लागतं हे कुणी धरत नाही. गॅस सरासरी ६००, गटाची बचत २००. बेरीज १९,३००.

उत्पन्न चार शनिवारांच्या महिन्यात, शिलाईचे सरासरी चौदाशे धरून, २२,४००. उरतात ३,१००. आठवड्याला हजार म्हणजे महिन्याला चार हजार. ते बसतच नव्हतं, कागदावरसुद्धा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पैसे आठवड्याला येतात आणि मोठे खर्च महिन्याला जातात. भाडं पाच तारखेच्या आत. किराणा आणि क्लासची फी पहिल्या आठवड्यात. या तिघांचेच जवळपास अकरा हजार होतात, आणि त्या आठवड्याची कमाई असते साडेपाच हजार. मग बाकीचे पैसे आधीच्या तीन आठवड्यांतून राखून ठेवलेले असायला हवेत. या घरात ते राखले जात होते, पण कुठे? त्याच पत्र्याच्या डब्यात, बचत म्हणून. महिनाभर डबा भरायचा तो पुढच्या महिन्याच्या भाड्यासाठी, आणि एक तारीख आली की रिकामा व्हायचा. घरातले समजत होते की बचत मोडली. खरं तर भाड्याचे पैसे भाड्याला गेले होते.

आठवडी पगाराच्या घरांत मी हे पुष्कळदा पाहते. माणसं स्वतःला उधळ्या समजून दोष देत बसतात आणि कडक नियम करतात. नियम दोन महिने टिकतात, मग डबा माळ्यावर जातो.

तिसरी अडचण बारीक, पण टोचणारी. पगार शनिवारी संध्याकाळी. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंदच, आणि बाकीच्या शनिवारीही पगार होईपर्यंत बंद झालेली. रविवार तर रविवारच. म्हणजे रोख रक्कम दोन रात्री घरात, आणि त्यातला एक दिवस रविवारचा: मटण, कुणीतरी पाहुणे, मुलाला काहीतरी हवं असतं. सोमवारी सकाळी जे उरतं त्यातून बचत करायची म्हटलं तर उरलेलं फारसं नसतंच.

तोलून पाहिलेले पर्याय

गणपती बसले, त्या धामधुमीतच दोघांनी चार-पाच वाटा चाचपल्या. काहींवर मी मत दिलं, काहींवर दत्ताभाऊ आधीच ठाम होते.

आठवड्याला पाचशे करून मोकळं व्हावं, हा मीनाताईंचा पहिला विचार. सोपा होता. पण ३४ शनिवार उरले होते, आणि त्यातून सतरा हजारच जमले असते. शिवाय भाड्याचा घोळ तसाच राहिला असता. पाचशेसुद्धा एक तारखेला गेलेच असते.

भिशी. दत्ताभाऊंच्या वर्कशॉपमधल्यांची चालू होती. भिशीत शिस्त आपोआप येते, कारण दहा जणांसमोर "या वेळी नाही" म्हणायची लाज वाटते. पण नंबर कधी लागेल हे हातात नाही, आणि एखादा मध्येच काम सोडून गावी गेला तर पुढचं कोण भरणार, याला कुणाकडे उत्तर नव्हतं. त्याच वर्कशॉपमध्ये असं एकदा झालेलंही होतं.

पिग्मी. एका पतसंस्थेचा एजंट गल्लीत रोज संध्याकाळी येतो. रोज शंभर रुपये गेले तर कळतही नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण मुदतीआधी मोडली तर व्याज नाही आणि वर कपात. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, तसं पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. नाशकात पतसंस्थांमध्ये पैसे अडकलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. सासूबाईंनी एका शब्दात हा विषय संपवला.

पोस्टाची आवर्त ठेव सगळ्यांच्या ओळखीची. व्याज ६.७ टक्के, महिन्याला शंभरापासून सुरू करता येते. पण मुदत पाच वर्षांची, आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. एप्रिलमध्ये हवे असलेल्या पैशांसाठी तिचा उपयोग नव्हता. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ती उघडावी असं मी सुचवलं. ते अजून झालेलं नाही.

कर्जाचीही वाट होती. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचं व्हाउचर आणि पुढे पाच टक्क्यांनी कर्ज. मीनाताईंनी विश्वकर्माचा अर्ज केंद्रावर जाऊन भरला. पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची केली: ते पंधरा हजार हिशेबात धरले नाहीत. मिळाले तर वरचे. मुद्राला दत्ताभाऊंचा विरोध होता. त्यांच्या वडिलांचं सोसायटीचं कर्ज त्यांनी लहानपणी पाहिलेलं आहे, आणि "कर्ज" म्हटलं की ते विषय बदलतात.

काय ठरलं

शेवटी जे ठरलं त्यात एकही नवीन योजना नव्हती. फक्त पैशांचे कप्पे वेगळे झाले.

दर शनिवारी आधी १,४०० रुपये घरभाड्याचे वेगळे काढायचे. ते बचत नाहीत. ते घरमालकाचेच पैसे आहेत, फक्त अजून आपल्याकडे आहेत. ते सासूबाईंकडे. त्यांच्याकडे एक जुना नाडीचा बटवा आहे, तो त्या पेटीत ठेवतात आणि किल्ली कमरेला. चार शनिवारांत ५,६०० होतात. भाडं देऊन शंभर उरतात, ते सासूबाईंचे. ही शेवटची अट त्यांनी स्वतः घातली.

बचत आठवड्याला ७००. एकतीसशेपैकी महिन्याला अठ्ठावीसशे. म्हणजे अंगावर येणाऱ्या खर्चाला महिन्याकाठी फक्त तीनशे. मी साडेपाचशेवर या असं म्हटलं होतं. दत्ताभाऊ सातशेच्या खाली यायला तयार नव्हते. हजारावरून सातशे हीच त्यांना माघार वाटत होती.

यावर दोन गोष्टी जोडल्या. शिलाईची कमाई एखाद्या आठवड्यात पंधराशेच्या वर गेली, तर वरच्या रकमेतली निम्मी बचतीत. आणि पाच शनिवारांच्या महिन्यात पाचव्या शनिवारी २,१००. ही मला सगळ्या प्रकरणातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते, आणि ती मीनाताईंना सुचली. आठवडी पगारात काही महिन्यांत पाच पगार येतात, पण भाडं, क्लास आणि किराणा एकदाच. ऑगस्ट तसा होता आणि कळलासुद्धा नाही. पुढे नोव्हेंबर आणि मार्च तसे येणार होते. त्यांनी कॅलेंडरवर त्या दोन शनिवारांभोवती टेलरिंगच्या खडूने गोल काढले.

उरला प्रश्न शनिवार-रविवारच्या दोन रात्रींचा. दत्ताभाऊंनी शेठना विचारलं, की सातशे रुपये पगारातून थेट बायकोच्या खात्यावर फोनवरून टाकाल का, बाकीचे रोख द्या. हे विचारायला त्यांना तीन आठवडे लागले. शेठ आधी म्हणाले, "असलं काही लावू नका माझ्यामागे." मग ऑक्टोबरपासून टाकायला लागले. ते खातं मीनाताईंचं जनधनचं, त्याचं एटीएम कार्ड सासूबाईंच्या पेटीत.

मध्ये आलेल्या अडचणी

पितृपक्षात शिलाई जवळपास थांबते. नवीन कपडा कुणी शिवायला टाकत नाही. सप्टेंबरच्या त्या पंधरवड्यात कमाई कशीबशी हजारावर राहिली. लगेच ३ ऑक्टोबरपासून नवरात्र, आणि तिथून दिवाळीपर्यंत मीनाताई रात्री बारापर्यंत मशीनवर. निम्म्याचा नियम इथे कामाला आला. एप्रिलपर्यंत या वरकड कमाईतून ६,८०० जमले, त्यातले बहुतेक याच पाच आठवड्यांतले आणि थोडे लग्नसराईतले.

दिवाळीला शेठने पाच हजार बोनस दिला. त्याच्यावर मात्र भांडण झालं, कारण बोनसचं काय करायचं हे आधी ठरलंच नव्हतं. दत्ताभाऊंना सगळा मशीनला घालायचा होता. मीनाताई म्हणाल्या, "अहो, पोरांनी वर्षभर काही मागितलं नाही. दिवाळीला तरी कपडे घेऊ." अर्धा-अर्धा झाला. दिवाळीच्या दोन शनिवारी बचत पडली नाही, आणि मला त्यात वावगं वाटत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर सासूबाई तापाने आजारी पडल्या. रक्ताच्या तपासण्या, सलाइन, दवाखान्याचे दोन दिवस. खात्यातून ३,२०० काढले. या वेळी वहीत लाल पेनने उणे लिहिलं गेलं, तारखेसकट. ऑगस्टमध्ये हेच झालं असतं तर "उसने" म्हणून गेलं असतं. काढलेले पैसे लिहायला लागणं हा सगळ्यात छोटा बदल होता, आणि त्यामुळेच पुढचे सगळे आकडे खरे राहिले.

आजारपणात आणखी एक प्रसंग घडला. पैसे कमी पडतायत म्हटल्यावर सासूबाईंनी स्वतःच अंथरुणावरून बटवा पुढे केला. त्यात भाड्याचे २,८०० होते. मीनाताईंनी तो घेतला नाही. त्यांचं म्हणणं असं, की बचत मोडली तर मशीन महिनाभर पुढे जाईल. भाडं चुकलं तर घरमालक दारात येईल आणि मग तोच घोळ पुन्हा सुरू. दत्ताभाऊंना हे पटलं नव्हतं. त्यांना मशीनच्या पैशाला हात लावायचा नव्हता. दोघांत त्या रात्री मीनाताईंचं चाललं.

जानेवारीत वर्कशॉपला काम कमी आलं. आठवड्यात चारच दिवस हजेरी. तीन शनिवारी शेठकडून खात्यावर काही पडलं नाही. भाड्याचे चौदाशे मात्र तिन्ही शनिवारी बटव्यात गेले. हातखर्च बंद, मटण बंद. भाजी गल्लीतल्या गाडीवरून घेण्याऐवजी बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून आठवड्याची एकदम आणायची. रिक्षाभाडं धरता त्यात फार काही वाचलं असेल असं मला वाटत नाही, पण घरात सगळे मिळून काहीतरी करतोय ही भावना होती, आणि तिलाही किंमत असते.

एप्रिलचा निर्णय

२६ एप्रिल २०२५ च्या शनिवारी हिशेब असा होता. डब्यातले सुरुवातीचे २,४००. शनिवारांचे: चौतीसपैकी पाच चुकले, बाकीच्या सत्तावीस साध्या शनिवारांचे १८,९०० आणि दोन पाचव्या शनिवारांचे ४,२००, मिळून २३,१००. शिलाईचे ६,८००. बोनसचे २,५००. वजा दवाखाना ३,२००. शिल्लक ३१,६००. खात्यावरचं किरकोळ व्याज धरलेलं नाही.

विश्वकर्माचा अर्ज पडताळणीच्या टप्प्यावर होता. ४२,००० ला १०,४०० कमी पडत होते, आणि गणवेशाचं काम सुरू झालेलं.

तीन वाटा होत्या. गटातून बारा हजार कर्ज घेऊन दोन्ही मशीनं आणायची. गटाचा दर महिन्याला शेकडा दोन. किंवा जुनं, वापरलेलं ओव्हरलॉक बघायचं. किंवा आत्ता फक्त शिलाईचं मशीन आणायचं आणि शर्टाच्या कडा बाहेरून ओव्हरलॉक करून घ्यायच्या.

इथे गंमत अशी की भूमिका उलटल्या. ज्या दत्ताभाऊंना कर्जाचं नाव नको होतं, ते म्हणाले, गटाचंच तर आहे, घेऊन टाकू. मीनाताई अडल्या. दहा महिने एकेक शनिवार जोडून जमवलेल्या पैशावर पहिल्याच दिवशी हप्ता बसवायचा, हे त्यांना सहन होईना. त्यांना हाताशी थोडी रोकडही हवी होती: दोरा, सुया, वाढीव वीजबिल, आणि गणवेशवाला पैसे माल दिल्यावर तीन आठवड्यांनी देतो. हे शेवटचं कारण खरं होतं.

अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला, २३,५०० चं मशीन घरात आलं. खात्यात ८,१०० राहिले. त्यातूनच टेम्पोचे पैसे गेले.

निष्पत्ती

मे-जूनमध्ये मीनाताईंनी सुमारे नऊशे शर्ट शिवले. पंचवीस रुपये नगाप्रमाणे साडेबावीस हजार. ओव्हरलॉकचे नगामागे चार रुपये, म्हणजे ३,६०० बाहेर गेले. शिवाय रोज गठ्ठा बांधून पवननगरपर्यंत न्यायचा-आणायचा, त्यात मुलाचा वेळ गेला. दोनदा ओव्हरलॉकवालीकडे काम साचल्याने माल उशिरा झाला आणि गणवेशवाल्याने पुढचा गठ्ठा दुसरीकडे दिला. तेवढं काम बुडालं. किती, ते नेमकं सांगता येत नाही.

मूळ ध्येयाच्या हिशेबाने पाहिलं तर ४३,००० पैकी ३१,६०० जमले, आणि दोन मशीनपैकी एक आलं. पण सप्टेंबरनंतर या घराने भाड्यासाठी एकदाही कुणाकडे हात पसरला नाही. आधी, मीनाताईंच्याच शब्दांत, "दर दोन महिन्यांनी शेठकडून उचल असायचीच."

काय वेगळं करता आलं असतं

गटाच्या कर्जाचा हिशेब आम्ही नंतर मांडला. बारा हजार, चार हप्ते, दर महिन्याला तीन हजार मुद्दल. व्याज २४०, १८०, १२०, ६०. एकूण सहाशे रुपये. आणि हे सहाशेही गटातच, म्हणजे थोडे मीनाताईंच्याच वाट्याला परत येणारे. ते टाळायला ३,६०० रुपये ओव्हरलॉकला गेले. कुणी म्हणेल, आता हे म्हणणं सोपं आहे. पण नगामागे चार रुपये हा दर एप्रिलमध्ये माहीत होता आणि गटाचा दरही. दोन आकडे शेजारी शेजारी मांडायला पाच मिनिटं लागली असती. पहिला हप्ता मेच्या अखेरीस आला असता. तोवर गणवेशाचे पहिले पैसे यायचे होते, आणि टेम्पोचे पैसे जायच्या आधी हाताशी दीड हजार रोकड राहिलीच असती. जोखीम होती, पण पेलण्यासारखी होती. माझ्या मते या एका ठिकाणी दत्ताभाऊ बरोबर होते.

सातशेचा आकडा ताणलेलाच होता. महिन्याला तीनशेच्या गादीवर सासूबाईंचं आजारपण बसणं शक्य नव्हतं. साडेपाचशे ठेवले असते आणि उरलेले दीडशे अडीनडीला वेगळे टाकले असते तर ३,२०० सगळेच्या सगळे बचतीतून काढावे लागले नसते. एकूण रक्कम कदाचित तेवढीच राहिली असती, पण नोव्हेंबरचं ते भांडण टळलं असतं. दत्ताभाऊंचं म्हणणं यावर असं, की आकडा ताणलेला होता म्हणूनच जानेवारीत मटण बंद झालं; साडेपाचशे असते तर कुणी मनावर घेतलं नसतं. हेही अगदीच खोटं नाही.

बोनसचं आधी ठरवायला हवं होतं. तो कधी येणार, साधारण किती येणार, सगळं माहीत असतं. मग हातात नोटा असताना वाद कशाला? निम्म्याचा नियम बोनसलाही लावला असता तर निकाल तोच लागला असता, पण रात्र वाया गेली नसती.

आणि शेठना सातशे थेट टाकायला सांगणं जुलैतच करता आलं असतं. त्याला एक पैसा लागत नाही. लागतो तो विचारायचा धीर. आमच्या गटात याच्यानंतर आणखी दोघींच्या नवऱ्यांनी आपापल्या ठिकाणी विचारलं. एकाचं झालं, दुसऱ्याला मालकाने साफ नाही म्हटलं.

जुलै २०२५ मध्ये घरमालकाने भाडं सहा हजार केलं. बटव्यात आता दर शनिवारी दीड हजार पडतात. सासूबाईंचे शंभर त्यामुळे बुडाले, म्हणून ते वेगळे द्यायचं ठरलंय. ओव्हरलॉकसाठीचा आकडा सातशेवरून सहाशेवर आला आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत मीनाताईंनी आठ हजारांच्या कर्जासाठी नाव दिलं आहे, आणि अर्जावर जामीन म्हणून सासूबाईंचं नाव चालेल का, असं त्या विचारून गेल्या.